डॅनिशमधला पन्नास आणि आपली अडीचकी

प्रश्न असा आहे : डॅनिश भाषेत साठाला 'त्रेस' म्हणतात आणि पन्नासाला 'हॅल्त्रेस'. 'हॅल्' म्हणजे अर्धा, तर साठाचा अर्धा पन्नास कसा?

हा अर्धा साठाचा नव्हे, तिसऱ्याचा. शब्दाच्या जुन्या, लांब रूपात तीन तुकडे आहेत : 'अर्धा तिसरा', 'वेळा' आणि 'वीस'. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा म्हणजे अडीच; अडीच वेळा वीस, पन्नास. मराठी माणसाला हे परके वाटू नये. आपला 'अडीच' संस्कृत अर्धतृतीयातून आला आणि 'औट घटकेचे राज्य' यातला औट, म्हणजे साडेतीन, अर्धचतुर्थातून. घडण अगदी तीच. अडीचकीत विसाला पन्नास येतात, औटकीत सत्तर. डॅनिश सत्तर, 'हॅल्फ्येर्स', हा औट विसाच आहे. नव्वद, 'हॅल्फेम्स', म्हणजे साडेचार विसा. त्रेस तीन विसा, 'फीर्स' (ऐंशी) चार विसा. दीडासाठी 'अर्धा दुसरा' हा शब्द डॅनिश लोक आजही रोज वापरतात. आपला दीडही द्व्यर्धातूनच आला.

तीस आणि चाळीस मात्र विसांत मोजलेले नाहीत. ते 'तीन दहा', 'चार दहा' यांतून आले. विसांची मोजणी पन्नासापासून सुरू होते आणि नव्वदाला संपते.

डॅनिश ही स्वीडिश-नॉर्वेजियनची बहीण, तिघीही जुन्या नॉर्सच्या लेकी. पण त्या दोघींत पन्नास सरळ 'पाच दहा' असतो. म्हणून एकमेकांचे बरेचसे समजणारे हे शेजारी किंमत ऐकताना हमखास अडतात. नॉर्वेने तर 1951 मध्ये दशक आधी, एकक नंतर असा क्रम अधिकृत केला. डॅनिशमध्ये अजून एकक आधी येतो : 53 म्हणजे 'त्रे-ओ-हॅल्त्रेस', आपल्या त्रेपन्नासारखा.

शिकणाऱ्याची खरी चूक कानाची असते. लिहिताना असलेले 'व्ह' आणि 'द' या शब्दांत उच्चारले जात नाहीत आणि 'हॅल्' आघाताविना झटकन निघून जातो. मग 53 च्या जागी 63 ऐकू येतो. दूरध्वनी क्रमांक आठ अंकी असून जोड्याजोड्यांनी सांगतात, तेव्हा हा घोळ वाढतो. उपाय सोपा : 'हॅल्' ऐकू आला की पुढच्या विसाच्या टप्प्यातून दहा वजा करा. साठातून पन्नास, ऐंशीतून सत्तर, शंभरातून नव्वद.

लांब रूप अगदीच मेलेले नाही. 'पन्नासावा' म्हणताना ते आजही पूर्ण उच्चारावे लागते.