इंग्रजांनी आपल्या युद्धनौका मुंबईत का बांधल्या? मजूर स्वस्त मिळायचे म्हणून का?

मजुरीचा भाग असेलच, पण तुम्ही विचारलंय तसं तेवढंच कारण नव्हतं, खरं कारण सागवान आणि ते सागवान कसं जोडायचं हे माहीत असलेली माणसं. मी नोकरीमुळे इंग्लंडच्या ईशान्येला राहतो आणि इथून जवळच हार्टलपूलला मुंबईत बांधलेलं एक जहाज आजही पाण्यात उभं आहे, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलेन, चालवून घ्या.

जहाजाचं नाव ट्रिंकोमाली. १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं. ब्रिटिश नौदलाच्या जुन्या लढाऊ जहाजांपैकी अजून तरंगणारं सगळ्यात जुनं हेच. इंग्रज अॅडमिरल नेल्सनचं व्हिक्टरी हे जहाज यापेक्षा जुनं आहे पण ते कोरड्या गोदीत टेकूंवर ठेवलंय, तरंगत नाही.

आता लाकडाचं. इंग्लंडमध्ये जहाजं ओकची करायचे. नेपोलियनच्या लढायांमध्ये इतकी जहाजं बांधली की चांगला ओक मिळेनासा झाला. आणि ओकची एक खोड म्हणजे त्यात आम्ल असतं, ते लोखंडी खिळे बोल्ट हळूहळू खातं, मग सांधे ढिले होतात. सागवानात तेल असतं, त्यामुळे लोखंड लवकर गंजत नाही आणि लाकूडही सहजी कुजत नाही, किडीलाही बरंच दाद देत नाही. आपल्याकडे जुन्या वाड्यांतले सागवानी खांब शंभर वर्षांनीही कसे ठणठणीत असतात ते बघितलं असेल, तीच गोष्ट. हे लाकूड मलबारकडून समुद्रमार्गे मुंबईत यायचं.

पण नुसतं लाकूड असून भागत नाही ना. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून काही सुतार घेऊन मुंबईला आले, त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षं गोदी सांभाळली. १७५० मध्ये इथे कोरडी गोदी झाली, आशियातली पहिली म्हणतात ती. युरोपात दोन फळ्या कडेला कड लावून बसवायचे आणि मधल्या फटीत जुन्या दोरखंडांचे धागे ठासायचे. आपल्याकडचे सुतार फळीच्या कडेला खाच पाडून एक फळी दुसरीत बसवायचे, मध्ये राळ आणि कापूस, म्हणजे सांधा असा घट्ट की पाणी आत यायला वावच नाही. हे सुरतेकडचं जुनं कसब, इंग्रजांनी शिकवलेलं नाही. ट्रिंकोमालीच्या कण्यात पारशी रीतीप्रमाणे चांदीचा खिळा ठोकून मग काम सुरू केलं होतं, ते मला फार आवडतं.

या जहाजाचे नकाशे मुंबईला येत होते जावा नावाच्या जहाजातून. ते डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने गाठलं आणि हरवलं, मग जाळून टाकलं, नकाशे गेले, पुन्हा पाठवावे लागले, म्हणून उशीर झाला. ते कॉन्स्टिट्यूशनही आज बॉस्टनमध्ये तरंगतंय!

तोपर्यंत नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलेलं, त्यामुळे ट्रिंकोमाली इंग्लंडला पोचल्यावर वर्षानुवर्षं नुसतं उभं होतं, खरी कामगिरी १८४७ नंतर. पुढे १८९७ मध्ये भंगारात विकलं, तिथून एका माणसाने घेऊन मुलांना जहाजकाम शिकवायला वापरलं. १९९० ते २००१ अशी दुरुस्ती झाली आणि निम्म्याहून जास्त लाकूड अजून मुंबईचंच आहे.

आणि हे एकटं नाही. १८१३ चं कॉर्नवॉलिस मुंबईचंच, त्यावर १८४२ मध्ये चीनबरोबर नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं (ते काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही पण झालं ते झालं). त्या जहाजाचा पुढे इंग्लंडमध्ये बंदरातला धक्का म्हणून वापर झाला, मोडलं थेट १९५७ मध्ये. १८२४ चं एशिया ग्रीसजवळच्या नावारिनोच्या समुद्री लढाईत अॅडमिरलचं जहाज होतं. दोन्ही वाडियांच्या गोदीतली.

मी पहिल्यांदा ट्रिंकोमालीवर गेलो तेव्हा खालच्या मजल्यावर वाकूनच चालावं लागलं, छत डोक्याला लागतं. एका जाड तुळईवर हात ठेवला तर गुळगुळीत, कुठे भुसभुशीतपणा नाही. जहाजाच्या पुढच्या टोकावर फेटेवाल्या माणसाचा लाकडी अर्धपुतळा आहे, मिशा वगैरे. सोबतचा इंग्रज गृहस्थ माहितीफलक वाचून मला म्हणाला, हे तुमच्या गावचं का? हो म्हटलं, आणि त्याला मुंबईच्या लायन गेटच्या आतली गोदी कुठे आहे ते फोनवर नकाशात दाखवलं.