एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूची ट्रेड व्हॅल्यू, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीतली किंमत, कशी ठरते? जास्त गुण करणारा तो महाग, असंच ना?

नाही. गुणांवरून खेळाडू किती चांगला ते कळतं, त्याच्या बदल्यात काय मिळेल ते कळत नाही. ट्रेडची बातमी आली की मी आधी करार बघतो: वर्षं किती उरलीत, पगार किती, वय काय.

केव्हिन ड्युरांटचंच घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये फिनिक्स सन्सने त्याला ब्रुकलिन नेट्सकडून घेतलं. वय ३४, आणि चालू हंगाम संपल्यावरही करार तीन वर्षांचा. सन्सने मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर दिले, शिवाय पहिल्या फेरीचे चार बिनशर्त ड्राफ्ट पिक (ड्राफ्ट म्हणजे दरवर्षीची नव्या खेळाडूंची निवड, पिक म्हणजे त्यातली निवडीची पाळी): २०२३, २०२५, २०२७, २०२९ चे. एक वर्ष सोडून का? पुढच्या लागोपाठच्या दोन वर्षी पहिल्या फेरीत हात रिकामे राहतील, असा सौदा लीग करू देत नाही. मग २०२८ साठी पिक अदलाबदलीचा हक्क दिला, म्हणजे दोघांपैकी चांगला पिक नेट्सने घ्यायचा.

२०२५ च्या उन्हाळ्यात तोच ड्युरांट ह्यूस्टन रॉकेट्सकडे गेला. नुकत्याच संपलेल्या हंगामात त्याने सामन्यामागे २६.६ गुण केले होते, म्हणजे हात मुळीच उतरला नव्हता. पण वय ३६, कराराचं एकच वर्ष शिल्लक, सन्स प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) बाहेर. घाई कोणाला आहे हे समोरच्याला दिसत होतं. सन्सला प्रामुख्याने जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला दहावा पिक आणि दुसऱ्या फेरीचे पाच पिक मिळाले. त्यातला दहावा पिक मूळचा सन्सचाच! २०२३ मध्ये ड्युरांटसाठी दिलेला, नेट्सकडून रॉकेट्सकडे गेलेला. ते वाचून मला सन्सच्या चाहत्यांसाठी खरंच वाईट वाटलं.

ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंच्या खेळाडूंचे पगारही साधारण जुळावे लागतात. ड्युरांटचे सुमारे ५.४७ कोटी डॉलर, ग्रीनचे ३.३३ आणि ब्रूक्सचे २.११ मिळून जवळजवळ तेवढेच. त्यामुळे सौद्यातलं प्रत्येक नाव निव्वळ खेळासाठी मागितलेलं असतं असं समजू नका.

आता ब्रिजेस. २०२४ मध्ये नेट्सने त्याला न्यूयॉर्क निक्सला दिलं आणि पहिल्या फेरीचे पाच पिक मिळवले. तो एकदाही ऑल-स्टार झालेला नव्हता, म्हणजे लीगच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला नव्हता. ड्युरांटपेक्षा तो भारी, असं कोणीच म्हणणार नाही. पण वय २७, पगार सुमारे २.३३ कोटी, कराराची दोन वर्षं बाकी आणि लीगमध्ये आल्यापासून एकही सामना चुकवलेला नाही. शिवाय निक्सचे जेलन ब्रन्सन आणि जॉश हार्ट हे त्याचे व्हिलानोव्हा विद्यापीठातले जुने साथीदार. दुसऱ्या कुठल्या संघाने त्याच्यासाठी पाच पिक मोजले असते, असं मला वाटत नाही.