उपकेंद्रात सिस्टरकडूनच बीपीच्या गोळ्या घ्याव्यात का?

तुमच्या आईची बीपीची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी सुरू केली आहे आणि आता गावच्या उपकेंद्रातली सिस्टर ती दर महिन्याला देते. हे चालेल का, की तालुक्यालाच न्यावे, असे विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: उपकेंद्रातच न्या. बीपी एका भेटीत बरा होत नाही, वर्षानुवर्षे गोळी न चुकण्यावर सगळे अवलंबून असते. तालुक्याची फेरी म्हणजे बसभाडे आणि बुडालेला रोज. कापूस वेचणीत ती फेरी पहिली चुकते.

2017च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात वर्धा आणि भंडारा पहिल्याच टप्प्यात होते. त्यातली वाटणी सोपी आहे. गोळी सुरू करणे आणि बदलणे डॉक्टरकडे. मोजणे, कार्डावर लिहिणे, 30 दिवसांच्या गोळ्या देणे आणि न आलेल्याला बोलावणे नर्सकडे.

चूक बहुधा मोजण्यात होते. चालत आल्या आल्या मोजू देऊ नका. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसवा. हात हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू-सुपारीचा खर्राही नको. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. मिनिटभराने पुन्हा मोजायला सांगा. शुगर तपासत असतील तर स्ट्रिपची डबी कुठे ठेवतात तेही पाहा. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत स्ट्रिप खराब होतात. त्या साधारण 30 अंशांच्या आत ठेवायच्या असतात.

आकडा 140/90 च्या खाली आला म्हणून गोळी बंद करायची नाही, तो गोळीमुळेच आलेला असतो. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पाय सुजले तर सिस्टरला सांगा, ती डॉक्टरांशी बोलून बदल करून घेईल. निंदणाने कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी बीपी वाढवते. तीही तिला सांगा, कारण ती कार्डावर नसते.

नियमित गोळ्या घेऊनही दोन-तीन भेटींत आकडा 140/90 च्या वरच राहिला, तर डॉक्टरांना दाखवा, किंवा उपकेंद्रातूनच ई-संजीवनीवर, म्हणजे डॉक्टरांशी ऑनलाइन सल्ल्याच्या सरकारी सेवेवर, बोलणे करून द्यायला सांगा. 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर उपकेंद्राची वाट न पाहता 108 ला फोन करा.