छोट्या बाथरूमला दार कोणतं लावावं: सरकतं, फोल्डिंग की साधं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचं काम काढलंय, संडास-बाथरूम एकत्र करून ४ बाय ७ ची जागा निघतेय, समोर ३ फुटांचा बोळ आहे; तर दार सरकतं लावावं की फोल्डिंग, आणि स्वयंपाकघराची भिंत पाडून ओपन किचन करावं का. आणि अगदी शेवटी एका ओळीत, घरात वयस्कर सासरे आहेत. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे.

सरकतं की फोल्डिंग ते नंतर. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, हे पहिलं. वयस्कर माणूस असलेल्या घरात बाथरूमचं दार आत उघडणारं नको म्हणजे नको. मिस्त्री काहीही म्हणू दे, पाहुणे काहीही म्हणू देत.

आमचं घर शिवाजी पेठेत. वाटणीत आलेलं, रुंदीला ११ फूट आणि मागं लांबच लांब. सोपा, मधली खोली, स्वयंपाकघर, मग परडं आणि परड्याच्या कडेला न्हाणी. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. पावसाळ्याचे दिवस, पहाटे मामा न्हाणीत गेले आणि धाडकन आवाज झाला. मी चहा टाकत होते, तशीच धावले. जुनं लाकडी दार, पावसानं फुगून चौकटीत आवळलेलं, आतून कडी. ह्यांनी खांदा लावून कडी तोडली, पण दार चार बोटांच्या वर सरकेना. मामा दाराला लागूनच पडले होते. जरा जोर लावला की दाराची कड त्यांच्या मांडीवर दाबली जायची आणि ते आतून ओरडायचे. बिजागऱ्या काढाव्यात म्हटलं तर आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आतच असतात, बाहेरून एक स्क्रू हाताला लागत नाही. शेवटी तालमीतली पोरं आली. त्यातला एक अंगानं बारका पोरगा परड्यातून वर चढला, झरोक्याच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि आत उतरला. त्यानं मामांना काखेत हात घालून मागं ओढलं, तेव्हा कुठं दार उघडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. माणूस समोर, मध्ये एक इंचाची फळी, आणि आपण हात लावू शकत नाही! ती वेळ मी कुणावर येऊ देणार नाही, म्हणून एवढं लिहिते आहे.

ऑपरेशन झालं. मामा घरी येणार ते वॉकर घेऊन, म्हणून ते दवाखान्यात असतानाच आम्ही न्हाणी पाडायला घेतली. मी गवंड्याला सांगितलं, दार बाहेर उघडेल असं करा आणि चौकट तीन फुटी घ्या. झालं. थोरले भाऊजी रविवारी आले आणि काम थांबवलं. त्यांचं म्हणणं, बाथरूमचं दार आतच उघडतं, सगळ्या गावात तसंच असतं. बाहेर उघडलं तर बोळातून जाणाऱ्याच्या तोंडावर आपटेल. ओलं दार बाहेर आलं की पाणी गळून बोळ निसरडा होईल. पाहुण्यांसमोर संडासचं दार आ वासून राहील. वर त्यांच्या ओळखीच्या कुणी वास्तूवाल्यानंही नको सांगितलेलं. गवंडी त्यांचंच ऐकायला लागला, कारण घरातला थोरला पुरुष बोलतोय.

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यासमोर आवाज चढवला. म्हटलं, "भाऊजी, मामांना उद्यापासून आंघोळ मी घालणार आहे. दार कसं उघडायचं तेही मीच ठरवणार." ते जेवायला न थांबता निघून गेले. ह्यांनी गवंड्याला सांगितलं, ही सांगते तसं कर.

आता भाऊजींच्या एकेका मुद्द्याला उत्तर देते, कारण तुमचा मिस्त्रीही हेच मुद्दे काढणार.

तोंडावर आपटण्याचं. बिजागऱ्या कुठल्या अंगाला आहेत यावर ते ठरतं. आमच्या बोळाचं एक टोक बंद आहे, दुसरीकडून ये-जा असते. दार उघडल्यावर फळी बंद टोकाकडच्या भिंतीला जाऊन लागली पाहिजे, आणि अर्ध्यात न थांबता पूर्ण उलटी फिरून भिंतीला चिकटली पाहिजे. त्यासाठी चौकट भिंतीच्या मधोमध न बसवता बोळाकडच्या कडेला, गिलाव्याच्या पातळीत बसवायची. मधोमध बसवली तर दार काटकोनात अडकतं आणि ३ फुटांच्या बोळात वाट राहत नाही. गवंडी सवयीनं मधोमध बसवतो, तेव्हा त्या दिवशी घरी थांबा.

पाणी गळण्याचं. दार भिजलंच नाही तर गळेल कुठून? ४ बाय ७ म्हणजे लांबट जागा. दार ४ फुटी बाजूला घेता आलं तर दाराजवळ बेसिन, मध्ये कमोड आणि अंघोळीची जागा पार शेवटच्या टोकाला, फरशीचा उतारही तिकडेच. आमच्याकडे असंच आहे, दारापाशी फरशी कोरडी असते. उंबरा अर्ध्या इंचाच्या वर नको. वॉकर उचलून टाकावा लागला की तोल गेलाच म्हणून समजा.

जागेचा हिशेबही बाहेर उघडणाऱ्या दाराच्याच बाजूचा आहे. अडीच फुटी दार आत उघडलं तर फिरायला जवळजवळ ५ चौरस फूट जागा खातं. तुमची एकूण जागा २८. म्हणजे सहाव्या हिश्शापेक्षा जास्त जागेत काहीच ठेवायचं नाही, फक्त दार फिरणार.

आणि रुंदी. अडीच फुटी चौकट म्हणजे बाहेरून बाहेर अडीच फूट. चौकटीची जाडी आणि उघड्या फळीची जाडी वजा केली की हाताशी सव्वादोन फूटही उरत नाही. वॉकरच सुमारे दोन फूट रुंद असतो, तो धरलेल्या माणसाची कोपरं दोन्हीकडे घासतात. व्हीलचेअरसाठी तर ९०० मिलिमीटर मोकळी वाट धरतात, म्हणजे जवळपास तीन फूट. तुम्ही भिंत फोडणारच आहात तर आत्ताच निदान तीन फुटी चौकट घ्या, व्हीलचेअर लागणार असेल तर त्याहून रुंद. मामा घरी आले त्या दिवशी वॉकरसकट सरळ आत गेले, कुणी धरावं लागलं नाही. मला त्या दाराचा अभिमान आहे.

सरकत्या दाराबद्दल. बाहेर उघडणारं दार बसतच नसेल तर सरकतं लावा. पडलेला माणूस त्याला अडवून धरत नाही, त्यामुळे आत उघडणाऱ्यापेक्षा ते कधीही बरं. पण त्याला शेजारी दाराएवढी मोकळी भिंत लागते, आणि त्या भिंतीवर मग स्विचबोर्ड नको, पाइप नको, खुंटी नको. भिंतीच्या पोटात सरकणारं दार चार इंची विटेच्या भिंतीत मावत नाही. सरकतं दार चौकटीला घट्ट बसत नाही, फटीतून वास आणि आवाज दोन्ही येतात. तुमचं बाथरूम स्वयंपाकघराला लागून असेल तर याचा विचार करा. रूळ वर टांगलेलाच घ्या. खालच्या रुळात साबण, केस आणि माती बसते.

फोल्डिंग प्लास्टिकचं दार लावूच नका. घड्या पडलेल्या बाजूला तेवढी रुंदी कमी होते, चाकं अडकतात, आणि तोल जाताना म्हातारा माणूस सगळ्यात आधी दाराला हात घालतो. ते दार त्याच्यासकट खाली येईल.

कशाचं दार, हेही आपल्या गावात महत्त्वाचं. माझं माहेर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि दोन्ही वेळा आमच्या घरात शिरलं. पहिल्याच पुरात आतल्या खोल्यांच्या फ्लश दारांचे, म्हणजे प्लायवुडच्या सपाट दारांचे, पापुद्रे सुटले, परत ती लागलीच नाहीत. आजोबांच्या वेळचं सागवानी पुढचं दार मात्र धुतलं, सावलीत वाळवलं, थोडा रंधा मारला आणि परत लावलं. ते अजून आहे. तुमच्या घरात जुनं सागवान निघत असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. बाथरूमला मात्र ग्रॅनाइटची चौकट आणि भरीव डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली) फळी घ्या. पोकळ पीव्हीसीत स्क्रूला धरायला काही नसतं, दार वर्षभरात लोंबायला लागतं. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या आणि दोन नाही, तीन.

आतल्या खोल्यांसाठी जुन्या लोकांकडे चांगला उपाय होता, दोन फळ्यांचं दार. तीन फुटांचं एकच दार उघडायला ७ चौरस फूट जागा घेतं, दोन फळ्यांचं त्याच्या निम्मी. पलंग, कपाट दोन्ही बसतं. आमच्या मधल्या खोलीला तेच आहे, वाड्यातलंच काढून ठेवलेलं. लोक असली दारं काढून फ्लश डोअर लावतात आणि मग खोली लहान पडते म्हणून रडतात.

ओपन किचनबद्दल थोडक्यात: नको. आपण चटणी घरी करतो. मिरच्या, खोबरं, तीळ भाजायला घेतलं की ठसका गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, आणि मटणाच्या दिवशी मधल्या खोलीतल्या गाद्यांनाही रश्श्याचा वास लागतो. भिंत ठेवा. उजेड हवा असेल तर तिच्यात ताटं सरकवण्याएवढी खिडकी पाडा. दाराची अडचण होत असेल तर फळी काढून नुसती चौकट ठेवा, चटणीच्या दिवशी पडदा ओढा.

आता भाऊजींबद्दल आणखी एक. राजारामपुरीत त्यांच्या फ्लॅटचं काम सुरू आहे आणि बाथरूमचं दार पुन्हा आतच उघडणार आहे, कारण बिल्डरनं तसं दिलंय. जाऊबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. भाऊजी माझी उत्तरं वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून इथंच लिहिते. भाऊजी, तुम्ही माझ्यावर रागावलात ते मी कधीच सोडून दिलं. पण मामा दाराआड ओरडत होते तेव्हा तुम्ही तिथं नव्हता. ज्यानं तो आवाज ऐकलाय त्याला पाहुण्यांना काय दिसतं हा मुद्दा सुचत नाही. सुताराला बोलावून दार बाहेर उघडेल असं करून घ्या. जाऊबाईंसाठी करा.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. आमच्या बोळाचं एक टोक बंद होतं म्हणून बाहेर उघडणारं दार सोपं गेलं. तुमचा बोळ दोन्हीकडून वापरात असेल तर सरकत्या दाराचा गंभीरपणे विचार करा. पेठांतल्या जुन्या भिंतींत विटा मातीत रचलेल्या असतात, वर माळ्याचा भार असतो, आणि कधी भिंत शेजाऱ्यांशी सामायिक असते. चौकट रुंद करताना वर लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी तुळई, टाकल्याशिवाय खालची एक वीट हलवू देऊ नका, आणि इंजिनिअरला एकदा भिंत दाखवा. वास्तूचं ज्यांना मानायचं त्यांनी मानावं, माझं काही म्हणणं नाही, पण दार कुठल्या दिशेला आहे आणि ते कुठल्या बाजूला उघडतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आतून कडी किंवा टॉवर बोल्ट लावू नका. सासऱ्यांना "कडी लावू नका" सांगून उपयोग नाही. आमचे मामा आजही ऐकत नाहीत, आणि या वयात आडोसा मागणं त्यांचा हक्क आहे. बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येतं असं बाथरूमचं लॉक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते घ्या, आणि कसं उघडायचं ते घरातल्या लहान मुलांनाही दाखवून ठेवा.