आधी कामावर, मग शिकणं

मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला नोकरीला लावायचं तर सुरुवात कुठून करायची, हे विचारणारी पत्रं या वेळी निवडली आहेत. ज्या प्रश्नाला तपशील जास्त लागतो त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वय २९. दोन वर्षं औषधं नियमित चालू आहेत, भास जवळजवळ थांबले आहेत. "मला काम करायचंय," असं तो सारखं म्हणतो. घरचे म्हणतात, पूर्ण बरा होऊ दे, आधी वर्षभराचं एखादं प्रशिक्षण घेऊ दे. थांबावं का?

थांबू नका. त्याला काम करायचं आहे, एवढी पात्रता सुरुवातीला पुरते.

"आधी तयारी, मग नोकरी" हा क्रम ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण तो टिकत नाही. तयारी लांबत जाते, उमेद विरते आणि वर्गात शिकलेलं प्रत्यक्ष जागेवर उपयोगी पडेलच असं नसतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रम उलटा केला. माणसाच्या आवडीची, बाजारातली खरी नोकरी लवकर शोधायची आणि आधार तिथेच द्यायचा. ही पद्धत आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) या नावाने ओळखली जाते. युरोपातल्या सहा शहरांत ३१२ रुग्णांवर तिची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. दीड वर्षात या पद्धतीने मदत मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांनी एक दिवस तरी नोकरी केली, तर नेहमीच्या प्रशिक्षण केंद्रांकडे पाठवलेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. नोकरीच्या ताणाने आजार उलटेल ही घरच्यांची मुख्य भीती असते. त्यांना पुढचा आकडा दाखवा : पुन्हा रुग्णालयात भरती व्हावं लागलं ते पहिल्या गटात २० टक्के लोकांना आणि दुसऱ्या गटात ३१ टक्के.

आता करायचं काय? भावाबरोबर बसून कागदावर लिहा : दिवसाच्या कोणत्या वेळी डोकं सर्वांत स्वच्छ असतं, गर्दी आणि आवाज किती सोसतो, एकट्याने काम बरं वाटतं की सोबतीने, आधी कोणतं काम केलं आणि ते का सुटलं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत कामाचं ठरतं. पहिल्या बोलण्यापासून महिन्याभरात एखाद्या मालकाशी प्रत्यक्ष भेट झाली पाहिजे. मदतीला रोजगार सल्लागार असेल तर त्याच्याकडे एका वेळी किती जण आहेत ते विचारा. आयपीएसच्या निकषांत ही मर्यादा २० आहे. त्याहून जास्त असतील तर तो फोनपलीकडे फारसं काही करू शकत नाही.

पुढची भेट मनोविकारतज्ज्ञांची. सकाळी अंगात जडपणा राहतो का, हे त्यांना स्पष्ट सांगा. डोसची वेळ किंवा मात्रा बदलता येते का ते डॉक्टरच ठरवतील. कामाला उशीर होतो म्हणून भावाने स्वतःहून रात्रीची गोळी टाळायला सुरुवात केली, की घात होतो. सुरुवातीला दिवसाचे तीन-चार तास, आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेत. महिनाभर हजेरी नीट राहिली तरच तास वाढवावेत. आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, तास तरी किंवा जबाबदारी तरी.

सगळं सुरळीत असताना एक छोटा आराखडाही करून ठेवा. सलग दोन रात्री झोप नाही, जेवण तुटलं, सहकारी आपल्याबद्दल कुजबुजतात असं वाटू लागलं, यांतली त्याची स्वतःची धोक्याची लक्षणं त्याच्याच शब्दांत लिहा. तसं झालं तर कोण कोणाला फोन करेल, हेही लिहा. या यादीत साहेबांना फोन करणारे तुम्ही नसावं. घरच्यांनी परस्पर साहेबांशी बोलणं सुरू केलं, की त्या जागेवर तो कामगार राहत नाही, कुणाचा तरी आजारी भाऊ होतो.

प्रश्न : आमच्या २२ वर्षांच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. एका कारखान्यात तिला स्क्रूची पाकिटं भरायचं काम मिळालं. दहा स्क्रू आणि एक वॉशर घालून पाकीट यंत्रावर सीलबंद करायचं. शाळेत हेच तिला छान जमायचं. इथे मोजताना चुकते, सील उघडतं आणि मध्येच थांबून पर्यवेक्षकबाईंकडे बघत राहते. दोन आठवडे झाले. काम जाईल अशी भीती वाटते.

शाळेत जमतं आणि कारखान्यात अडतं, यात तिची काही चूक नाही. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप नेता येणं, हाच बौद्धिक अक्षमतेतला अवघड भाग आहे. टेबलाची उंची, पाकिटाचा आकार, भोवतीचा आवाज असं सगळं बदललं, की तिच्यासाठी ते काम नवंच असतं. म्हणून शिकवणी त्याच टेबलावर, त्याच पाकिटांवर आणि कामाच्या वेळेतच व्हायला हवी.

शिकवणाऱ्याने, मग तो जॉब कोच (कामाच्या जागीच काम शिकवणारा मदतनीस) असो की पर्यवेक्षकबाई, आधी किमान अर्धा दिवस ते काम स्वतः करावं. मगच पायऱ्या लिहाव्यात. "पाकीट भर" ही एक पायरी होत नाही, त्यात पाच-सहा हालचाली दडलेल्या असतात.

मोजणीचं आधी बघू. तिला दहापर्यंत मोजायला शिकवण्यात वेळ घालवू नका. लाकडी फळीवर दहा खाचा पाडून घ्या. प्रत्येक खाचेत एक स्क्रू, रिकामी खाच राहिली नाही की झाले दहा, आणि फळी तिरकी केली की सगळे पाकिटात. अकरावी खाच वॉशरची, तिला वेगळा रंग द्या. मार्क गोल्ड या अमेरिकन संशोधकाने १९७० च्या दशकात तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना सायकलच्या १५ भागांच्या ब्रेकची जुळणी शिकवून दाखवली, ती याच विचाराने. जोडताना भागाची जी बाजू कामगाराकडे यायला हवी, ती त्याने रंगवून घेतली होती. माणसाला अपुरं ठरवण्याआधी काम शिकवायची पद्धत बदलून बघायची, हे त्याच्याकडून घेण्यासारखं आहे.

सील उघडण्याची कारणं बहुधा दोन. एक, पाकिटाचं तोंड चुरगळलेलं असतं. "तोंड दोन्ही हातांनी ताणून धर" ही स्वतंत्र पायरी करा. दुसरं, टेबलावरच्या साध्या सीलिंग यंत्रात दिवा विझला की प्लास्टिक अजून मऊच असतं. दांडा आणखी एक-दोन सेकंद दाबून धरला तर जोड घट्ट बसतो. इतरांना हे सवयीने कळतं, म्हणून तिला कुणी सांगितलेलंच नसणार. "दिवा विझला, एक, दोन, सोड" असं शिकवा.

तिसरी गोष्ट, बाईंकडे बघत राहणं. याचं कारण तिच्यापेक्षा शिकवण्यात आहे. प्रत्येक पायरीला "आता हे घे, आता हे कर, शाब्बास" असं कुणीतरी बोलत राहिलं, की तो आवाज हीच तिच्यासाठी एक पायरी बनते. आवाज आला नाही तर ती थांबते. त्यामुळे बोलणं कमी करा. नव्या पायरीला हाताला हलका आधार (तिची परवानगी घेऊन), तो जमला की नुसता बोटाने इशारा, आणि मग काहीच नाही. इशाऱ्याआधी मनात पाच आकडे मोजा. बहुतेकांना दुसऱ्या आकड्यालाच राहवत नाही आणि ते मदत करून टाकतात. चूक होताना दिसली तर हात चुकीच्या जागी पोचण्याआधी थांबवा. चूक पुरी होऊन मग दुरुस्त केली तर ती चूकही पायऱ्यांचा भाग म्हणून लक्षात राहते. कौतुक पाकीट पूर्ण झाल्यावर करा, मध्ये नको.

शिकवणाऱ्याने उभं राहायची जागाही टप्प्याटप्प्याने बदलायची असते : आधी शेजारी, मग मागे, मग दोन-तीन पावलांवर, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. एक दिवस अचानक येणं बंद केलं तर सगळं कोसळतं.

रोजची नोंद ठेवा. वहीच्या पानावर उभ्या ओळीत पायऱ्या, आडव्या ओळीत तारखा. स्वतः केलं तर बरोबरची खूण, इशारा लागला तर 'इ', हात लागला तर 'ह'. एकाच पायरीवर सलग तीन दिवस 'इ' किंवा 'ह' दिसलं तर तीच सूचना मोठ्या आवाजात देऊ नका. ती पायरी दोन भागांत तोडा किंवा साधन बदला. सगळ्या पायऱ्या दोन दिवस मदतीशिवाय झाल्या की मगच वेगाकडे वळा. अचूकता आणि वेग एकदम मागितले की दोन्ही जातात. बाईंना तुमच्या देखत हे पान दाखवा. दोन आठवड्यांत दहापैकी सात पायऱ्या मदतीशिवाय जमू लागल्या असतील, तर "तिला जमत नाही" हे वाक्य तिथे टिकत नाही.

आणखी एक. स्क्रू संपले तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं आहे का? अशा मोकळ्या क्षणांत गोंधळ जास्त होतो. टेबलावर एक लाल कार्ड ठेवा. स्क्रू संपले की ते उभं करायचं, म्हणजे कुणीतरी स्क्रू आणून देईल. जेवणाची सुट्टी, स्वच्छतागृह, घरी परतायचा रस्ता, यांच्याही अशाच पायऱ्या लिहा. त्यांच्यावरून गेलेल्या नोकऱ्या कमी नाहीत.

प्रश्न : माझं छोटं कार्यालय आहे, १४ माणसं. अशा एखाद्या व्यक्तीला कामावर घ्यावं असं मनापासून वाटतं. पण जाहिरातीतल्या कामाला पूर्ण बसेल असं कुणी येत नाही.

जाहिरातीतलं काम जसंच्या तसं धरून बसू नका. आठवडाभर तुमच्या १४ जणांना एक साधी नोंद ठेवायला सांगा : ज्या कामाला माझं कौशल्य लागत नाही, पण ज्यात माझा वेळ जातो, असं काम कोणतं? कागद स्कॅन करणं, टपाल वाटणं, बैठकीची खोली मांडणं, साठ्याची मोजदाद, अशी दिवसाच्या चार तासांची यादी सहज निघते. ती एकत्र केली की एक खरी जागा तयार होते. पण ती जागा खरीच असावी. ते काम न झाल्यास कुणाचं अडणार नसेल, तर नेमलेल्या माणसाला हे पहिल्या महिन्यातच कळतं आणि ते फार लागतं.

मुलाखत टाळून अर्ध्या दिवसाचं काम करून दाखवायला द्या. डोळ्याला डोळा न देणारा किंवा तीन शब्दांत उत्तर देणारा माणूस मुलाखतीत पडतो आणि स्कॅनरवर उत्तम ठरतो. सूचना एका वेळी एक द्या आणि ती लिहून किंवा चित्राने द्या. "वेळ मिळाला की हे बघ" म्हणू नका, "११ वाजता हे कर" म्हणा. विचारायला एकच माणूस ठरवा आणि तो रजेवर असताना दुसरा कोण, तेही आधीच सांगा. पगार त्या कामाचा जो असेल तोच. काम चुकलं तर इतरांना सांगता तसंच त्याच दिवशी, एकांतात सांगा. दयेपोटी चुका झाकल्या जातात, मग एक दिवस सगळ्या एकदम बाहेर येतात आणि नोकरी जाते.

प्रश्न : मला बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) आहे, त्यावर लिथियम हे औषध चालू आहे. मुलाखतीत हे सांगावं का? आणि नोकरी पाळ्यांची आहे, ती घ्यावी का?

आजाराचं नाव सांगणं आणि गरज सांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाखतीत काय करता येतं ते सांगा. नेमणूक झाल्यावर "एका आजारासाठी मला दर काही महिन्यांनी रक्ततपासणीला दोन तास लागतात आणि रात्रीची झोप ठरलेल्या वेळी लागते" एवढं पुरतं. सवलत लागतच नसेल तर सांगण्याची घाईही नको. मात्र एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, तेव्हा कोणाला सांगायचं आणि ते पुढे कुणापर्यंत जाईल, हे आधी ठरवा. नोकरीच्या अर्जात आजाराबद्दल थेट प्रश्न असेल, तर खोटं उत्तर लिहू नका.

पाळ्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : बदलती रात्रपाळी टाळा. झोपेचं चक्र मोडणं हे उन्मादाचा झटका सुरू होण्याचं नेहमीचं निमित्त आहे. कायमची दिवसपाळी मागा. काम भट्टीजवळचं किंवा उन्हातलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण घामाने शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मुभा ही तुमची खरी गरज आहे, ती मागताना संकोचू नका. हात जास्त थरथरू लागले, जुलाब-उलट्या झाल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर पाळी संपायची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : मुलाला डिस्लेक्सिया आहे. हुशार आहे, पण कामावर आलेले लांब ईमेल वाचताना चुकतो. तोही बौद्धिक अक्षमतेतच मोडतो का?

नाही. डिस्लेक्सिया ही अध्ययन अक्षमता आहे. तीत बुद्धी शाबूत असते, अडथळा वाचन, लेखन किंवा आकडेमोडीत असतो. त्याला पायऱ्यांची शिकवणी नको, वाचण्याचा दुसरा मार्ग हवा. संगणकावरचं मजकूर वाचून दाखवणारं साधन हेडफोन लावून वापरू द्या, अक्षर आणि ओळींतलं अंतर वाढवा, उत्तरं बोलून टाइप करू द्या. सहकाऱ्यांना सांगून ईमेलच्या पहिल्या दोन ओळींत काय करायचं आणि कधीपर्यंत, एवढं लिहून घ्या. आकडे आणि तारखा दुसऱ्या कुणीतरी एकदा तपासाव्यात, कारण अंक उलटे वाचले जाण्याची चूक त्याला स्वतःला दिसत नाही.