कोटाची खुंटी

मुली, अनेक आशीर्वाद.

तू लिहिलेलं प्रकरण दोनदा वाचलं. आकडे चोख आहेत. पण ‘१९९६ च्या कायद्यानंतर किती आया कामाला लागल्या’ यापुढे तू सरकतच नाहीस. आई कामाला लागली की मुलाचं भलं झालं, हे कुणी ठरवलं?

अमेरिकेतल्या त्या कायद्यानं गरीब कुटुंबांच्या रोख मदतीला कामाची अट घातली आणि केंद्राच्या पैशाला साधारण ६० महिन्यांची मर्यादा. नव्वदच्या दशकातच मिनेसोटात, मिलवॉकीत आणि कॅनडात मदतीला काम जोडून पाहण्याचे प्रयोग झाले. खरी गोम तिथं आहे. कमाईला वरून जोड मिळाली, घरातला पैसा वाढला, तिथं लहान मुलांचा अभ्यास थोडा सुधारला. नुसती सक्ती झाली तिथं पगार आला आणि मदत कापली गेली. घर होतं तिथंच राहिलं, मुलंही. काही ठिकाणी किशोरवयीन मुलांची शाळा मात्र घसरली, विशेषतः घरात धाकटं भावंड असलं तर. त्याला सांभाळणार कोण? हे तू तळटीपेत ढकललंस. वर आण.

आता पाळणाघराचं अनुदान. मी पूर्वी एका पाळणाघरात निरीक्षणाला बसायचे. तीन वर्षांच्या एका पोराच्या आईची नोकरी सुटली, अनुदान थांबलं. दोन महिन्यांनी तो परत आला तर त्याच्या खुंटीवर दुसऱ्याचं नाव, आणि दुपारी थोपटून झोपवणारी बाईही बदललेली. तीन दिवस त्यानं अंगातला कोट काढू दिला नाही. माझ्या तक्त्यात त्याची नोंद ‘अनुदान चालू’ एवढीच. अमेरिकेच्या पाळणाघर-अनुदानाच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनं एकदा पात्र ठरलेल्या मुलाला किमान १२ महिन्यांची हमी दिली, पगार थोडा इकडेतिकडे झाला म्हणून नाव कापू नये, ते यासाठीच.

कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचं उदाहरण जपून वापर. १९९७ पासून तिथं दिवसाला ५ डॉलरांत पाळणाघर मिळू लागलं, आया कामावर गेल्या, पण मुलांचं वागणं बिघडल्याचं काही अर्थतज्ज्ञांनी दाखवलं. त्यावरून ‘पाळणाघरच वाईट’ म्हणणारे तुला भेटतीलच. त्यांना विचार, एका बाईच्या वाट्याला मुलं किती होती?

पुढच्या मसुद्यात एक रकाना वाढव: वर्षभरात मुलाला सांभाळणारं माणूस किती वेळा बदललं. आकडे मिळायला त्रास होईल. तरी कर, आणि मग पाठव.

तुझी,
बाई