बेळगाव भागातील ‘लास्ट पॉकेट’ पूलचे नियम प्रमाणित करावेत का?

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात खेळल्या जाणाऱ्या ‘लास्ट पॉकेट’ पूलचे (पूल म्हणजे क्यूने पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल टेबलाच्या पॉकेटांत पाडण्याचा खेळ) नियम प्रत्येक क्लबात वेगळे आहेत, तेव्हा ते एकदाचे प्रमाणित करावेत का, असे आपण विचारले आहे. मी टिळकवाडीतील एका क्लबात गेली चौदा वर्षे खेळतो आणि मधली तीन वर्षे संध्याकाळी तिथला काउंटरही सांभाळत होतो, त्यामुळे या विषयावरचे वाद मी खेळाडू म्हणून घातले आहेत आणि काउंटरवरून मिटवलेही आहेत. माझे मत असे की नियम लिहून काढलेच पाहिजेत. मात्र सगळ्या क्लबांनी एकच नियम पाळावा, हा आग्रह मला पटत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॉल नेहमीचेच पंधरा: एक ते सात ‘लहान’, नऊ ते पंधरा ‘मोठे’ आणि आठ नंबरचा ब्लॅक. एकाने लहान पाडायचे, दुसऱ्याने मोठे, आणि आपले संपले की ब्लॅक. एट-बॉल या नेहमीच्या पूलपेक्षा फरक शेवटी आहे. ज्या पॉकेटमध्ये तुमचा शेवटचा बॉल पडला, त्याच पॉकेटमध्ये ब्लॅक घालावा लागतो. त्यामुळे तीन बॉल शिल्लक असतानाच ब्लॅक कुठे उभा आहे आणि आपण खेळ कोणत्या कोपऱ्यात संपवणार आहोत, याचा विचार सुरू करावा लागतो. दिसेल तो बॉल पाडत सुटणारा खेळाडू येथे हमखास अडकतो. बाहेरगावचे लोक याला ‘गल्लीतला पूल’ म्हणून हसतात तेव्हा मला राग येतो, कारण पुढचा विचार करण्याची जी सवय या नियमाने लागते ती साध्या एट-बॉलने तितक्या लवकर लागत नाही.

वाद होतो तो फाऊलवरून. आमच्याकडे पांढरा बॉल पॉकेटमध्ये गेला की समोरच्याने तो पहिल्या शॉटच्या, म्हणजे ब्रेकच्या, रेषेमागून खेळायचा आणि त्याला दोन शॉट मिळतात. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत निपाणीकडचा एक गट आमच्याकडे खेळायला आला होता. शेवटच्या फ्रेममध्ये, म्हणजे डावात, आमच्या मुलाने ब्लॅकवर शॉट मारला, ब्लॅक पडला नाही, पण पांढरा मात्र पडला. आमच्या हिशेबाने हा नुसता फाऊल होता. त्यांच्या हिशेबाने आमचा मुलगा फ्रेम हरला होता. हरणाऱ्याने फ्रेमचे पैसे भरायचे ही पद्धत दोन्हीकडे असल्यामुळे हा तात्त्विक वाद पाहता पाहता खिशापर्यंत आला, आणि शेवटी मालकांनी निम्मे-निम्मे पैसे घेऊन सगळ्यांना बाहेर काढले. गंमत अशी की वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या एट-बॉलच्या नियमांनुसार दोन्ही बाजू चुकीच्या होत्या. तिथे ब्लॅक न पडता पांढरा पडला तर फ्रेम जात नाही आणि दोन शॉटही मिळत नाहीत. समोरच्याला पांढरा बॉल टेबलावर हवा तिथे ठेवून खेळता येतो.

मग तोच नियम सगळीकडे का लावू नये? मला वाटते, स्थानिक नियमांमागे टेबल आणि भाडे ही दोन कारणे असतात आणि प्रमाणीकरणाची भाषा करणारे नेमके त्यांच्याकडेच पाहत नाहीत. स्पर्धेचे टेबल नऊ फुटी असते आणि त्याची पॉकेट घट्ट असतात, तर आमच्याकडची बरीचशी टेबले सात-आठ फुटी असून वर्षानुवर्षांच्या वापराने त्यांची पॉकेट सैल झालेली आहेत. अशा टेबलावर पांढरा बॉल हातात देऊन ‘हवा तिथे ठेव’ म्हटले, तर बरा खेळाडू तिथेच फ्रेम संपवतो आणि नवशिक्याला क्यू हातात घेऊन नुसते उभे राहावे लागते. रेषेमागून खेळण्याची अट हा त्यावरचा उतारा आहे. भाड्याचेही तसेच. जिथे फ्रेमवर पैसे घेतात तिथे मालकाला फ्रेम लवकर संपलेली हवी असते, म्हणून ब्रेकवर ब्लॅक पडला की खेळ जिंकला, असले झटपट नियम तिथे रुजतात. जिथे तासावर पैसे घेतात तिथे मालकाला घाई नसते. जागतिक नियमांत ब्रेकवर ब्लॅक पडल्याने कोणी जिंकत नाही. ब्लॅक पुन्हा जागेवर ठेवायचा की नव्याने ब्रेक करायचा, एवढाच निर्णय असतो.

याला एक जुना दाखला आहे आणि तो आपल्याच देशातला आहे. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला असे मानले जाते. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन वेगळा) तेव्हाच्या ब्लॅक पूल या खेळात आणखी रंगीत बॉल घालून तो तयार केला. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून बिलियर्डच्या खोलीत लावले गेले. इंग्लंडच्या बिलियर्ड्स असोसिएशनने त्याला अधिकृत नियम दिले ते १९०० मध्ये, म्हणजे मधली पंचवीस वर्षे हा खेळ एक स्थानिक प्रकार म्हणूनच जगला. तो जगला याचे निदान एक कारण म्हणजे कोणीतरी तो भिंतीवर लिहून ठेवला होता. बेळगावच्या कॅम्पातही फौजेची वस्ती जुनी आहे, त्यामुळे मेसमधून बाहेर आलेला खेळ ही कल्पना आम्हाला परकी वाटत नाही.

प्रमाणीकरणात काय हरवते हे पाहायचे असेल तर कबड्डीकडे पाहावे. आपल्याकडे हुतूतूचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी समोरचा गडी बाद झाल्यावर परत येई. गामिनीत संपूर्ण संघ बाद होईपर्यंत तो बाहेर बसे. अमरमध्ये तो बाहेरच जात नसे, केवळ गुण मोजले जात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियम बांधले गेले तेव्हा संजीवनीची पद्धत पुढे आली आणि कबड्डीला देशभर एक रूप मिळाले, हा लाभ मी नाकारत नाही. पण गामिनी हे नाव आज शाळेतल्या मुलांना विचारून पाहा. उलट पंजाबातील सर्कल कबड्डीने स्वतःचे वेगळे नियम बांधून घेतले आणि ती आजही आपल्या मैदानांवर खेळली जाते. लास्ट पॉकेटने हीच वाट धरावी असे मला वाटते.

म्हणून निपाणीकडच्या त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या क्लबात एक फलक लावला. पांढरा पडल्यास काय, ब्लॅकवर फाऊल झाल्यास काय, ब्रेकवर ब्लॅक पडल्यास काय आणि दोन शॉट पुढे साठवता येतात की नाही, एवढ्याच गोष्टी त्यावर आहेत, कारण भांडणे एवढ्यावरूनच होतात. बाकी क्यू कसा धरावा, चॉक कोणी आणावा, हे लिहीत बसण्यात अर्थ नाही. पाहुणे आले की पहिला ब्रेक करण्यापूर्वी फलक वाचून दाखवायचा, आणि त्यांना आपले नियम हवे असतील तर एक फ्रेम आमच्या नियमांनी व एक त्यांच्या नियमांनी खेळायची. (फलक मराठीत असावा की कन्नडमध्ये यावर जेवढी चर्चा झाली तेवढी त्यातल्या नियमांवर झाली नाही, अखेर दोन्ही भाषांत लिहिला आणि खेळायला लागलो. सीमाभागात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.)

एक अपवाद मात्र मी करीन. ज्या मुलाला जिल्ह्याबाहेर किंवा बेंगळुरूला जाऊन स्पर्धा खेळायची आहे, त्याने आठवड्यातले निदान दोन दिवस अधिकृत नियमांनीच खेळावे. दोन शॉटची सवय झालेला खेळाडू फाऊलची किंमत कमी धरतो. सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट मिळू नये असा बचावाचा शॉट, खेळायची वेळ आली की तो बेधडक शॉट मारतो, आणि समोरच्याच्या हातात पांढरा बॉल गेल्यावर त्याला चूक कळते. मी स्वतः हुबळीला अशाच रीतीने दोन फ्रेम घालवल्या आहेत.

आमच्या फलकावरची एक ओळ अजून कोरी आहे. शेवटचे दोन बॉल एकाच शॉटमध्ये दोन वेगवेगळ्या पॉकेटांत पडले, तर लास्ट पॉकेट कोणते धरायचे? आमच्यातले काही जण म्हणतात की जो नंतर पडला त्याचे. पण आवाज एकदम झाला तर ते ठरवायचे कोणी? मालक म्हणतात की समोरच्याने सांगावे. आपल्या क्लबात याचा निवाडा कसा करतात ते जरूर कळवा, म्हणजे ती ओळ भरता येईल.